परातीतला पाहुणा

बाबा मासा चिरण्याआधी त्याच्याशी बोलत. इंझोरीजवळच्या धरणात त्यांचं जाळं असायचं, म्हणजे मासे काही नवे नव्हते. तरी विळीवर बसले की आधी माशाच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि हाक मारायची, "ये वं मरळबाई," नाहीतर "या कतलाबुवा, लय वाट पाह्यली तुमची." नाव घेतल्याशिवाय विळी लावायची नाही, हा आमच्या भोयांच्या घरातला रिवाज. आई हसायची, पण मोडत तीही नसे.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले आणि मला समुद्राच्या मासळीचे डोहाळे लागले. आता आमच्याकडे समुद्र कुठून आणायचा? माझा भाऊ गजू रत्नागिरीकडे नोकरीला होता. त्यानं खाडीत स्वतः गळ टाकला, मिळालेला मासा थर्माकोलच्या डब्यात बर्फात घातला, बसनं गावी आणला आणि मोठ्या ऐटीत परातीत ठेवला. बाबांचा चेहरा उजळला. लेकीला आपल्या हातचं कालवण वाढायचं, याहून त्यांना दुसरं काही नको होतं.

अंगठा फिरला आणि थांबला. खवले नाहीत, पोट सैल नि खरखरीत, तोंड पोपटासारखं.

"मासाच हाय ना, बाबा! टाका तिखट-मीठ," गजू म्हणाला.

"मासा हाय हे मलेबी दिसते. पण कोन हाय?"

"तुमीच ठेवा ना एखादं नाव."

"बारसं हाय का त्याचं? वळख पटाले पायजे."

गजूनं फोटो काढून रत्नागिरीच्या शेजारच्या कोळीण मावशींना पाठवला. उत्तर येईना. मी लिंबाखाली बाजेवर पडले होते. डोळे मिटत होते आणि बाबांचं पुटपुटणं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. धरणातल्या एकेका माशाचं नाव ते त्या परक्याला लावून बघत होते. वाटलं, वेशीपर्यंत खारं पाणी आलंय, माझी बाज हळूच तरंगायला लागलीय आणि पोटातलं बाळ त्या पाण्याचा आवाज ऐकतंय. जाग आली तेव्हा बर्फाच्या पाण्याचा ओघळ परातीबाहेर आला होता.

"करा ना आता, बाबा," मला रडूच फुटलं. "पोटातलं भुकेलं हाय."

बाबांनी विळी पुढे ओढली. माझ्याकडे पाहिलं. मग विळी मागं लोटली. "नाही माय. मले ठाऊक नाही."

दिवस कलायला लागला तेव्हा कुठं गजूचा फोन वाजला. मावशी ओरडतच होत्या, "अरे, केंड आहे तो! विषारी! कुणी खाल्ला नाही ना?"

गजूनं परात माझ्यापासून लांब ओढली. बाबांनी अंगणाच्या कोपऱ्यात खोल खड्डा करून मासा पुरला, हात घासघासून धुतले आणि माझ्या उशाशी येऊन बसले. "तू रडली तवा मी चिरनारच होतो, माय," एवढंच म्हणाले.

पुढं काही वर्षांनी बाबा गेले. माशांचा जाणकार म्हणून गाव अजून त्यांचं नाव काढतं. मला मात्र ते आठवतात उपाशी लेकीसमोर 'मले ठाऊक नाही' म्हणणारे. माझी मुलगी आता शाळेत जाते. ती आहे, ती त्या तेवढ्या बोलण्यामुळं.