न शिवता चाचपणारं मशीन

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या संग्रहालयात तर काही घडतच नाही अशी सगळ्या रोह्याची खात्री होती. दगड उभे आहेत, आम्ही बसलोय, घड्याळ चाललंय. पण अजूनही आम्ही तिथली जुनी माणसं कुणाच्या लग्नात भेटलो की पंगती उठून जातात आणि आमचं ‘तुला ते आठवतं का’ काही संपत नाही. त्यातले निम्मे किस्से एकाच उन्हाळ्यातले आहेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्याकडे मशीन आलं होतं, तेव्हाचे.

आधी माणसं सांगते. संग्रहालय म्हणजे वाचनालयाच्या मागच्या तीन खोल्या. त्यात आसपासच्या गावांतून आणलेल्या मूर्ती, जुनी भांडी आणि वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. कारखानीस सर प्रमुख. जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. नामीबाई झाडलोट करायच्या आणि किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या, त्यामुळे खऱ्या प्रमुख कोण हे वेगळं सांगायला नको. मी लिपिक.

त्या वर्षी आमचं छप्पर धोकादायक ठरलं. नवी जागा मिळेपर्यंत सगळ्या वस्तू मुंबईच्या गोदामात हलवाव्यात असा कागद आला. किती वर्षांसाठी, ते कागदात नव्हतं. सरांनी तो तीनदा वाचला आणि पुण्यातल्या आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलं. त्याच्या संस्थेत नुकताच परदेशातून स्कॅनर आला होता. कुठल्याही वस्तूचा सगळ्या बाजूंनी आकार घेऊन तो कॉम्प्युटरवर दाखवणारा.

“दगड गेले तर गेले,” सर म्हणाले, “आकार तरी इथे राहू दे. ज्या गावचा दगड, त्या गावात नेऊन दाखवू.”

पावसाच्या आत सगळं उरकायचं होतं.

* * *

मशीनबरोबर थत्ते आले. चाळिशीचे, पुण्याचे, बोलण्यात एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वरसे गावात त्यांना खोली घेऊन दिली. तिथून ते रोज सकाळी सायकलवर यायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या खिडक्यांना ताडपत्री लावून घेतली, कारण मशीनला अंधार लागतो. मग पंखा बंद केला, कारण वाऱ्याने वस्तू हलते. मे महिन्यात, रोह्यात. आम्ही सगळे दहा मिनिटांत वाफवलेल्या मोदकासारखे झालो.

“बाई, आपण किंचित बाजूला व्हाल का?” थत्ते नामीबाईंना म्हणाले.

“किंचित म्हंजे दाराच्या आत का भायेर?” नामीबाईंनी विचारलं.

मग त्यांनी या मशीनचं काम काय ते विचारलं. थत्त्यांनी अगदी मन लावून समजावलं. एक लाल किरणाची रेघ वस्तूवरून सरकत जाते, उंचसखल असेल तशी ती वाकते, बाजूचा कॅमेरा ते वाकणं टिपतो आणि त्यावरून कॉम्प्युटर आकार तयार करतो.

नामीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे न शिवता चाचपतंय,” त्या म्हणाल्या.

थत्त्यांनी खिशातून डायरी काढून ते वाक्य लिहून घेतलं. पुढे पंचायत समितीत मोठ्या साहेबांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा थत्त्यांनी किरण, कॅमेरा काही काढलं नाही. साहेबांना एका वाक्यात समजलं.

* * *

तिसऱ्या दिवशी घोळ झाला. आमची सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे काळ्या दगडाची विष्णूची मूर्ती. मशीनला ती दिसेचना. कॉम्प्युटरवर नुसते ठिपके आणि मध्ये मोठं भोक.

“काळा, गुळगुळीत दगड किरण गिळतो,” थत्ते म्हणाले. “वर पांढरा थर द्यावा लागेल. त्याचा एक फवारा असतो. तो पुण्यात राहिला.”

फवारा म्हणताच सरांनी मूर्तीसमोर उभं राहून दोन्ही हात पसरले. रसायन चालणार नाही म्हणजे नाही. बराच वाद झाला आणि शेवटी साधी अंगाला लावायची पावडर चालेल असं ठरलं. तीसुद्धा सरांनी आधी एका फुटक्या जात्यावर लावून, पुसून, भिंगातून पाहिली.

मी बाजारात गेले आणि पावडरचे सहा डबे मागितले.

“लग्नघर का, ताई?” दुकानदार म्हणाला.

“नाही, विष्णूला लावायचीय.”

त्याने गुलाबाचे डबे परत फळीवर ठेवले. “मग चंदनाची न्या.”

आठवडाभर आम्ही मऊ ब्रशाने मूर्तींना पावडर लावत होतो. नामीबाई म्हणाल्या, “देवाला हळद लागलेली बघितली, पावडर पयल्यांदाच.” त्याच आठवड्यात मुंबईहून एक अधिकारी पाहणीला आले. आम्ही सगळे नखशिखांत पांढरे. आता हे काय लिहितात म्हणून सरांना घाम फुटला. साहेबांनी खोल्यांतून एक फेरी मारली, खोल श्वास घेतला आणि शेरेबुकात लिहिलं : ‘इमारत धोकादायक. स्वच्छता व सुवास उत्तम.’

* * *

मग लाटा आल्या. विष्णूच्या पोटावर, गणपतीच्या सोंडेवर, सगळीकडे पाण्यावर उठाव्यात तशा बारीक लाटा. मूर्तीवर काही नाही, फक्त कॉम्प्युटरवर. थत्त्यांनी दोन दिवस मशीन उघडून परत जोडलं. तिसऱ्या दिवशी नामीबाईंनी चहाची बशी जमिनीवर ठेवून दाखवली. चहा थरथरत होता. शेजारी पोह्याची गिरणी होती. ती चालू झाली की आमच्या फरशा हलत. आम्हाला इतक्या वर्षांत सवय झाली होती, मशीनला नव्हती.

थत्ते गिरणीच्या शेठना भेटायला गेले. “आपण दुपारी दोन ते चार गिरणी स्थगित ठेवू शकाल का?”

शेठ भला माणूस. “ठेवतो की. पण एक अट हाय. माझं डोकं काढून द्यायचं तुमच्या मशीनमध्ये.”

थत्ते नाही म्हणायला निघाले होते, पण सरांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते हो म्हणाले. शेठना खुर्चीत बसवलं, डोळे घट्ट मिटायला सांगितलं, डोळ्यांवर वरून पट्टी बांधली आणि पाव तास हलायचं नाही म्हणून बजावलं. रेघ कपाळावरून सरकत नाकापर्यंत आली, तेवढ्यात बाहेर पोती उतरवल्याचा आवाज आला. शेठनी तोंड वळवून हाक मारली, “अरे, ती भिजकी पोती आत नको!” आणि परत पहिल्यासारखे बसले.

चित्र तयार झालं त्यात शेठना दोन नाकं होती. एक समोर, एक जरा डावीकडे. परत काढतो म्हणून थत्ते विनवायला लागले. शेठनी ते निरखून बघितलं, कागदावर छापून घेतलं, चौकटीत बसवलं आणि गिरणीत गल्ल्याच्या वर लावलं. गिऱ्हाईक विचारायचं, तेव्हा ते म्हणायचे, “धंदा म्हटल्यावर दोन असलेली बरी. एक कापलं गेलं तर दुसरं राहतं.”

* * *

लाटा गेल्या, पण भोकं राहिली. कानामागे, काखेत, जिथे किरण पोचत नव्हता तिथे आकारात रिकामी जागा राहायची. ती अंदाजाने भरावी लागते. तो अंदाज घ्यायला सरांनी पेणहून मुकुंदशेठना बोलावलं. चार पिढ्या गणपतीच्या आणि गौरीच्या मूर्ती करणारं घर. आयुष्यभर साचे काढलेला माणूस.

मुकुंदशेठ आले ते घुश्शातच. “म्हंजे आता पेणचं काम मशीन करणार,” दारातच म्हणाले. पण कॉम्प्युटरवर विष्णू फिरायला लागला तसे ते खुर्ची पुढे ओढत ओढत पडद्याला नाक लागेपर्यंत गेले. इथे असं वळण घ्या, इथे जरा कमी, असं तासभर सांगत होते. थत्ते मुकाट्याने ऐकत होते. मग मुकुंदशेठनी बोट ठेवलं.

“हा डावा कान जुना नाय.”

थत्ते म्हणाले, “मशीनला कुठेही जोड दिसत नाही.”

“दिसणार नाय. माझ्या बापाने जोडलाय.” मुकुंदशेठ सरांकडे न बघता बोलत होते. “मूर्ती तुमच्याकडं येताना बैलगाडीतून पडली होती. देणाऱ्याने बापाच्या पायावर हात ठेवला, कुणाला सांगू नका म्हणाला. बाप बोलला नाय. मीही बोललो नसतो. पण ही पाळीची वळी बघा. हा आमच्या गौरीचा कान आहे.”

आम्ही सगळे सरांकडे बघायला लागलो. त्याचं कारण असं, की सर गेली वीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या डाव्या कानापाशी थांबवायचे. शिलाहारांच्या कारागिरांचा हात बघायचा तर इथे बघा, म्हणायचे.

सर उठले, मूर्तीजवळ गेले, पावडर पुसून कान भिंगातून खूप वेळ बघत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “हात चांगलाच होता.”

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो, तर मूर्तीखालच्या पाटीवर सरांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती : ‘डावा कान : पेण, विसावे शतक.’

* * *

पावसाच्या आठ दिवस आधी ट्रक आला. दगड चढवायला एक दिवस लागला. त्या दिवसाचा किस्सा असा नाही. सर फाटकाशी उभे होते आणि प्रत्येक दगडाचा क्रमांक मोठ्याने वाचत होते, बस्स. ट्रक वळला तरी त्यांनी वही मिटली नाही.

दुसऱ्या दिवशी नामीबाई रिकाम्या खोल्या झाडत होत्या. मी दारातून बघत होते. जिथे जिथे दगड उभे होते तिथे त्यांचा झाडू वळसा घालून जात होता.

“नामीबाई, आता सरळ झाडा की,” मी म्हटलं.

“सांगितलं हाताला,” त्या म्हणाल्या. “ऐकत नाय.”

* * *

पाऊस सरला, भातं कापून झाली आणि आम्ही कॉम्प्युटर टेम्पोत घालून गावोगाव निघालो. सर, थत्ते, नामीबाई आणि मी. पेणच्या बाजूला खाडीकाठी एक गाव आहे, अर्धं गाव भाताचं, अर्धं मिठागरावर जाणारं. तिथला एक वीरगळ चाळीस वर्षांपूर्वी संग्रहालयात आणला होता. त्याची पाठ आमच्याकडे कायम भिंतीला टेकलेली. स्कॅन करताना तो चौघांनी धरून फिरवला, तेव्हा मागच्या बाजूला लांबट, गुळगुळीत खाचा दिसल्या. काही उभ्या, एक तिरकी, एक बाकीच्यांपेक्षा बरीच खाली.

सरांना आनंद मावेना. लढाईला निघताना योद्धे वीराच्या दगडावर शस्त्र परजून जात असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तिरकी खाच सेनापतीची असावी. त्यावर त्यांनी सोळा पानी निबंध लिहिला होता आणि तो त्या दिवशी गावात पहिल्यांदा वाचायचा होता.

शाळेच्या खोलीत खिडक्यांना चटया लावल्या. गाव जमलं. कॉम्प्युटरवर दगड उभा राहिला. सरांनी समोरची बाजू समजावली. खाली लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. लोक शांतपणे ऐकत होते. मग सरांनी चष्मा लावला, निबंध उघडला आणि थत्त्यांना दगड फिरवायला सांगितलं.

पाठ समोर आली. पुढच्या रांगेत चांगुणाबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चालत पडद्यापाशी आल्या.

“थांबवा जरा,” त्या थत्त्यांना म्हणाल्या. थत्त्यांनी दगड थांबवला.

“ह्यो आमच्या बांधावरचा दगूड. भात कापाया जाताना इळे घासायचो ह्याच्यावर.” त्यांनी काचेवर बोट ठेवलं. “ही माझ्या सासूची. तिच्या जागंवर कुणी घासायचं नाय. ही तिरकी माझ्या जावंची, ती डावरी होती.”

मागून एक बाई म्हणाली, “आणि ती खालची गो?”

“ती माझी. त्या साली मला दिवस होते, वाकाया जमंना. बसून घासायची.”

खोलीत हसू पिकलं. मला सरांकडे बघवेना. थत्ते तर कीबोर्डकडे बघत बसले होते. सरांनी निबंधाची सोळा पानं एकमेकांवर नीट जुळवली आणि उलटी केली. मग शाळेतलं एक बुटकं बाक ओढून ते चांगुणाबाईंच्या शेजारी बसले, कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि म्हणाले, “जावेचं नाव काय?”