पहिल्या पंगतीचा मान

ऐंशीच्या दशकात शिकलेल्या मुलांनी खेड्यात जाऊन राबावं, असं पुण्यातल्या पुष्कळ लोकांचं ठाम मत होतं. ते स्वतः पुण्यातच राहत. मी मात्र गेलो. पदवी हातात होती, नोकरी नव्हती आणि घरी वडिलांशी रोज खटके उडत होते. या सगळ्याला मिळून मी ग्रामसेवा असं भारदस्त नाव दिलं. एका संस्थेने मला चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावात धाडलं. एका शेतकऱ्याच्या मळ्यात वर्षभर राहायचं, बिनपगारी काम करायचं आणि गावाशी एकरूप व्हायचं, असं ठरलं होतं. अर्थात ते संस्थेचं आणि माझं ठरलं होतं. गावाला कुणी विचारलं नव्हतं.

त्या शेतकऱ्याला सगळं गाव आबा म्हणे, त्यांच्या बायकोला अक्का. दोघांनी माझं स्वागत इतक्या प्रेमाने केलं की काम करायची सोयच उरली नाही. मी कुदळ उचलली की कुणीतरी ती हळूच काढून घेई आणि लिंबाखाली खाट टाके. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला बागेत शिरलो, तर मागून चहा येई. कापूस वेचायला मात्र मी हट्टाने गेलो. शेजारच्या ओळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावून मनसोक्त हसून घेतलं. माझ्या कापसात पाचोळाच जास्त होता, म्हणून संध्याकाळी त्याचा ढीग वेगळा ठेवला गेला. मी विचारलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "तो पाव्हनाना कापूस शे." म्हणजे माझ्याबरोबर माझा कापूसही पाहुणाच होता.

हाच पाहुणेपणा पंगतीत तर कळस गाठायचा. गावात लग्न असो, बारसं असो, हिवाळ्यात कुणाच्या मळ्यात भरताचं जेवण असो, मला दंडाला धरून पहिल्या पंगतीत नेऊन बसवत. एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला शाळेचे मास्तर. माझ्या वरण-बट्टीवर तूप जरा जास्तच पडे. सुरुवातीला मला हा मान फार आवडला. पुण्यात मला कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं.

मग हळूहळू लक्षात आलं की गावातली खरी माणसं पहिल्या पंगतीत बसतच नाहीत. ती धोतर खोचून, बाह्या सरसावून वाढत असतात, एकमेकांवर ओरडत असतात. पाहुणे जेवून उठले की ती चुलीजवळ बसतात आणि उरलंसुरलं खातात. आणि हसतात! इतकी हसतात की मला राग यायचा. तृप्त पोटाने लांब खाटेवर पडून मी त्यांचं हसणं ऐकायचो. एवढं कसलं हसू येतं यांना, ते तिथून कधी कळायचं नाही. मला त्या शेवटच्या पंगतीत बसायचं होतं. तिथे जागा मिळाली नाही, तर आपलं वर्ष वाया गेलं, असं मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं.

मी आबांच्या मागे लागलो, मला वाढायला द्या. आबा घाबरले.

"लोके काय म्हनतीन? आबानी पाव्हनाले कामले लावं!"

एकदा मी वरणाची बादली परस्पर उचलली. तिघांनी धावत येऊन ती माझ्या हातातून काढून घेतली, तीही हात जोडून. हात जोडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी निमूटपणे सरपंचांशेजारी जाऊन बसलो.

उन्हाळ्यात आबांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. मी तोवर आशा सोडली होती. इस्त्रीचा शर्ट घालून मी आपण होऊनच पहिल्या पंगतीत नवऱ्या मुलाच्या मामांजवळ जाऊन बसलो. वऱ्हाड सांगितल्यापेक्षा दुप्पट आलं होतं. पत्रावळी कमी पडत होत्या, आणि वाढणारे दोघे विहिरीवर टँकर भरायला गेलेले. आबा घामाघूम होऊन पंगतीतून धावत आले. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"अरे, तू काय बठी गया आठे? बठ्ठा पाव्हना उपाशी शेतस! ऊठ, बादली धर!"

मामा माझ्याकडे कीव आल्यासारखे बघू लागले. चारचौघांत एवढा पाणउतारा माझा आजवर कुणी केला नव्हता, आणि मला इतका आनंदही कधी झाला नव्हता. चुरलेली बट्टी पत्रावळीवर तशीच टाकून मी उठलो. पहिल्याच फेरीत मामांच्या धोतरावर वरण सांडलं. त्याबद्दल आबांनी पुन्हा शिव्या घातल्या. त्या मी प्रसादासारख्या घेतल्या.

शेवटच्या पंगतीत आमच्या वाट्याला थंड बट्ट्या आल्या, वांग्याच्या भाजीचा तिखटजाळ तळ आला. तूप कधीच संपलं होतं. आणि ज्या हसण्यापायी मी वर्षभर झुरलो, ते कशावर होतं? ट्रॉलीचं चाक ऐन वेळी पंक्चर झालं, यावर. कोणत्या पाहुण्याने किती बट्ट्या हाणल्या, यावर. यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाखालची खाट गायब झाली. पहाटे वीज आली की मोटार लावायला मला उठवायचे, बैलांना पाणी पाजायला मलाच पिटाळायचे. मी कुरकुरायचो, पण ते कुणी मनावर घेत नसे. पुढे माझी मुदत संपली, पुण्याला नोकरी लागली, आणि जमेल तेव्हा जाऊ म्हणता म्हणता बरीच वर्षं गेली.

नव्वदच्या दशकात आबांच्या नातवाच्या लग्नाचं बोलावणं आलं. चोपड्याहून एसटीने येऊन गावाच्या फाट्यावर उतरलो आणि मांडवात शिरून थेट बादलीला हात घातला. एका तरण्या पोराने ती अदबीने काढून घेतली. नंतर हात जोडले. मी आशेने आबांकडे पाहिलं. ते थकले होते, भिंतीला टेकून बसले होते, पण मला बघून त्यांचा चेहरा फुलला. आता हे ओरडणार, म्हणून मी उभाच राहिलो. आणि आबा खरोखरच ओरडले, त्या पोरावर.

"पाव्हनाले पहिले बठाड रे! तूप वाढ बरं!"

वाईट वाटलं. पण बसलो आणि जेवलो. तूप भरपूर होतं.

शेवटची पंगत बसली तेव्हा माझी परतीची एसटी यायची वेळ झाली होती. फाट्यावर उभा होतो, तर मांडवातून हसण्याचा गलका ऐकू आला. या वेळी मला कुणी सांगायची गरज नव्हती. कशाचं तरी चाक पंक्चर झालं असणार.