बगळा नान न मोडताच गेला

बुर्माकान एजेला (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात) मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या डाव्या काखेत एक मेंढा होता आणि उजव्या मुठीत आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची कॉलर. कोचकोरच्या भर रस्त्यातून ती दोघांना घेऊन घराकडे निघाली होती. मेंढा गप्प होता. मुख्याध्यापक मात्र असे काही ओरडत होते, की पलीकडच्या गल्लीतल्या मेंढ्या त्यांना ओ देत होत्या. तिला येताना पाहून खरबुजांचे ढीग म्हणे आपोआप बाजूला सरकले, आणि नारीनला जाणारी बस होती त्या जागेवरून पन्नास पावलं उलटी गेली. मी त्याच बसमधून, त्याच दिवशी, तालासहून इंग्रजीचा मास्तर म्हणून उतरत होतो. एक पाय जमिनीवर टेकायच्या आत मी मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहून टाकला होता.

मुख्याध्यापकांचा गुन्हा एवढाच, की ते तिच्या घरी शाळेच्या स्वयंपाकाचं काही बोलायला गेले, ती मेंढा उतरवून घ्यायला मागच्या दाराला गेली, आणि तेवढ्यात हे महाशय दस्तरखानावरचा, म्हणजे पाहुण्यांपुढे अंथरलेल्या कापडावरचा, नान न मोडता निघून गेले. आमच्याकडे घाई असो, ताप असो, घराला आग लागलेली असो, माणूस नानचा एक कण तोंडाला लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. एजे परत आली, नान अख्खा दिसला, आणि मेंढा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. जाता जाता तिची नजर माझ्यावर पडली. नवा मास्तर का, असं तिने विचारलं, आणि तूही चल म्हणाली. मी गेलो. कॉलर माझीही होतीच.

त्याला आता एकवीस वर्षं झाली. या काळात एजे शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, पण कोचकोरमधली घरं तिच्या नजरेतून निवृत्त झाली नाहीत. कुणाकडे नवी सून आली, कुणी छताला पत्रा घातला, कुणाची गाय व्यायली, सगळीकडे ही पहिली हजर. रिकाम्या हाताने कधी नाही, आणि खाल्ल्याशिवाय परत कधी नाही. मग गेल्या जानेवारीत विहिरीपाशी बर्फावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंत अंगणसुद्धा बंद केलं.

बिश्केकला बँकेत असलेली तिची मुलगी जिपारकुल मोठा संगणक घेऊन आली. आईने सिनेमे बघावेत असा तिचा हेतू. एजेने दीड सिनेमा बघितला आणि म्हणाली, या लोकांच्या घरात शिरता येत नाही, नुसतं खिडकीतून बघत बसायचं, हा काय चोरटेपणा. तेव्हा जिपारने तिला ते दुसरं जग उघडून दिलं. तिथे म्हणे प्रत्येकाची एक बाहुली असते, ती घेऊन जगभरचे लोक हिंडतात, घरं बांधतात, गावं वसवतात, आणि कुणाच्याही दारात जाऊन बोलता येतं. जिपार दुसऱ्या दिवशी बिश्केकला परतली. इंग्रजी येणारा शेजारी मीच. म्हणून दुभाषा मी.

कोचकोरमध्ये त्या जगाला सगळे ‘तिकडं’ म्हणू लागले. एजे कुठंय विचारलं, की शेजारीण सांगायची, तिकडं गेलीय.

पहिले दोन दिवस बाहुलीला कपडे मिळवण्यात गेले. तिथली प्रत्येक बाई वीस वर्षांची, आणि अंगावर कापड इतकं की त्यात आमच्याकडे कुरुटाचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, एक गोळा बांधता येणार नाही. एजेला पंचाहत्तरीची म्हातारी हवी होती, डोक्याला पांढरा रुमाल हवा होता आणि पायात मऊ बूट. शेवटी ते सगळं मिळालं. तिकडं बाहुल्या उडतात, हे मी तिला मोठ्या उत्साहाने दाखवलं. ती म्हणाली, “मास्तर, या वयात मी उडत गेले तर लोक काय म्हणतील? पायी चल.” आम्ही पायी गेलो. एक बेट ओलांडायला आम्हाला अख्खी सकाळ लागायची.

राहायला जागा मिळाली ती मोकळ्या रानात. हे रान सगळ्यांचं. तिथे कुणीही काहीही उभारावं, पण सहा तासांनी रान आपोआप साफ होतं आणि तुमची वस्तू तुमच्या पोतडीत परत जाते. बाकीचे लोक या नियमावर सारखे कुरकुरत. एजेला मात्र तो ऐकताक्षणी पटला. कुरण म्हणजे असंच असतं, म्हणाली, एका जागी बसून राहिलं की गवत मरतं. रोज सकाळी साडेदहाला ती आपला लोकरी नमद्याचा तंबू उभारायची, साडेचारच्या आधी आवरून ठेवायची, आणि दर दोन दिवसांनी जागा बदलायची. शेजारचे लोक बघत राहायचे. तंबूत दस्तरखान, दस्तरखानावर नान. हा नान म्हणजे तिच्या घरच्या खऱ्या नानचा मी वरून काढलेला फोटो. त्याला हात लावला की तुकडा तुमच्या बाहुलीच्या हातात येई.

बगळा आला तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. उंच अंग, लांब कोट, बगलेत छत्री आणि मानेवर बगळ्याचं डोकं. त्याचं तिकडचं नाव आकड्यांचं होतं, म्हणून एजेने त्याचं नाव बगळाच ठेवलं. तो आत आला, अदबीने बसला, आणि तंबूच्या एकेका काठीचं नाव विचारू लागला. वरच्या कड्याला काय म्हणतात, दोऱ्या कोण विणतं, दार कुठल्या दिशेला. कोचकोरमध्ये गेल्या तीस वर्षांत कुणी एजेला असं काही विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांना ते माहीत होतं. ती तासभर बोलली, मी तासभर टंकलेखन केलं. मग ती म्हणाली, त्याला सांग, आता नान घे. मी लिहिलं. बगळ्याने लिहिलं, एक मिनिट. आणि तो नाहीसा झाला.

एजेने ते मिनिट साडेचारपर्यंत मोजलं.

मी समजावलं, की वीज गेली असेल. वीज काय, आपल्याकडे दिवसाआड जाते. ती म्हणाली, आपल्याकडे जाते, पण तिकडं काय आपलंच वीज मंडळ आहे? मग नेट तुटलं असेल, म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी का नाही आला?  आठवडा गेला, तरी तो आला नाही.

आता हे सांगायला हवं. एजेचा नवरा असानाली ट्रक चालवायचा. सत्तावीस वर्षांपूर्वी एका पहाटे उशीर झाला म्हणून तो नान न मोडता दारातूनच निघाला, ही मागून हाका मारत राहिली, आणि दोलोन घाटातल्या हिमवादळातून तो ट्रक परत आला नाही. याबद्दल ती बोलत नाही. माझ्याशी बोलली ती त्या फेब्रुवारीत एकदाच, संगणकाकडे बघत.

“माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, मास्तर. शाळेत आम्हाला शिकवलंय. पण हा बगळाही माझ्या दारातून तसाच गेलाय. तो आहे, एवढं मला कळू दे.”

तर असे आम्ही बगळा शोधायला निघालो. पायी.

मला वाटायचं, तिकडं म्हणजे एकच गाव असेल. तिकडं गावांना अंत नव्हता. एका शहरात कायम पाऊस आणि संध्याकाळ, तिथले लोक काळ्या कोटात कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहून दुःखी चेहरे करत. त्यांच्या घरी सगळं ठीक आहे ना, अशी एजेने एकेकाकडे चौकशी केली. पाच जणांनी ठीक आहे सांगितलं, सहाव्याने त्याच्या आईच्या गुडघ्याचं खरंखरं सगळं सांगितलं, आणि एजेने त्याला शेळीच्या चरबीचा उपाय दिला. एका बेटावर सगळे शिडाच्या होड्यांची शर्यत खेळत. एका ठिकाणी जुन्या काळचं रेल्वे स्टेशन होतं, तिथे चाळीस माणसं वेळेवर गाड्या सोडत, आणि गाडीत बसायला कुणीच नव्हतं. आम्ही बसलो. तिकीट तपासनीस धावतच आला.

सगळ्यात जास्त दिवस आम्ही ड्रॅगनांच्या गावात काढले. डोंगरात गुहा, गुहेत शेकोटी, भोवती बसलेले पंचवीसएक ड्रॅगन. एजेने आमच्या रीतीप्रमाणे आधी गुरांची खुशाली विचारली. हिरव्या थोराड ड्रॅगनाने लिहिलं, आम्ही गुरं पाळत नाही, खातो. यावर एजे म्हणाली, मग तुम्ही कुणाचे पाहुणे? कुणाची तरी असतीलच ना ती.  मग तिने प्रत्येकाला सात पिढ्यांची नावं विचारली. कुणाला आजोबांच्या पुढे जाता येईना. असे पोरके ड्रॅगन पाहून तिला इतकं वाईट वाटलं, की दुसऱ्या दिवशी ती पाठीवर नान घेऊन गेली आणि पंचवीस जणांना एकेक तुकडा मोडायला लावला. आठवड्याभराने हिरव्याने कळवलं, की त्याने मावशीला फोन करून पाच पिढ्या मिळवल्या आहेत. बाकीच्या दोन मावशीलाही ठाऊक नव्हत्या.

ड्रॅगनांनीच शेवटी कामाला सुरुवात केली. रुमालवाली म्हातारी बगळ्याला शोधतेय, ही बातमी त्यांनी गावोगाव पोचवली. पावसाच्या शहरातले दुःखी लोक कोपऱ्यांवर उभे होतेच, त्यांना निदान नजर ठेवायचं काम मिळालं. स्टेशनवाल्यांनी फलकावर सूचना लावली. मी स्वतः दोन वर्गांचे पेपर तपासायचे सोडून बगळे तपासत होतो. माझी बायको म्हणाली, “तुम्ही तिकडंच जा राहायला. मी दर शुक्रवारी रिकामी ताटली पाठवत जाईन, तिकडं फोटोच खाता ना.”

मेच्या मध्यावर निरोप आला. पूर्वेच्या समुद्रात एका खडकावर दीपगृह आहे, तिथे छत्रीवाला एक बगळा दिसलाय. आम्ही किनाऱ्यावर पोचलो. पलीकडे खडक, खडकावर दीपगृह, दीपगृहाच्या पायरीवर बगळा. मध्ये पाणी, होडी नाही. मी म्हटलं, होडीवाल्यांना बोलावू, तासाभरात येतील. एजेने बगळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, “ते उडण्याचं बटण कुठलं? आणि हे गावात सांगायचं नाही.”

पांढऱ्या रुमालातली म्हातारी समुद्रावरून उडत गेली आणि बगळ्यापुढे धप्पकन पडली. मी तिचं बोलणं लिहू लागलो.

“त्याला विचार, तब्येत कशी आहे. घरी सगळे सुखरूप आहेत ना.”

बगळ्याने लिहिलं, मी बरा आहे, आणि तुम्ही तंबूवाल्या ना?

“विचार, त्या दिवशी काय झालं.”

 मग ओळी आल्या. “मला माफ करा. मला गव्हाचं चालत नाही. डॉक्टरांनी अगदी कडक मनाई केली आहे. तुम्ही इतक्या आग्रहाने पुढे केलात, नाही म्हणायचा संकोच वाटला. म्हणून निघून गेलो. परत यायची नंतर लाज वाटली.”

मी हे भाषांतर करून सांगितलं, आणि सांगताना मला हसू आवरेना, कारण फोटोतला गहू कुणाच्या पोटाला काय करणार. एजे हसली नाही. ती खुर्चीत मागे टेकली. फेब्रुवारीपासून तिचे खांदे कानांपाशी होते, ते खाली आलेले मी पाहिले.

“जिवंत आहे,” ती म्हणाली. “बाकी पोटाचं काय, पोटाचं सगळ्यांनाच असतं. मक्याचं चालतं का विचार.”

मक्याचं चालत होतं.

बगळ्याला तंबूत बसवून आम्ही इकडे चुलीशी गेलो. मी फोटोत थोडाफार रंग बदलून देतो असं सुचवलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या दिवशी मुख्याध्यापकांकडे पाहिलं होतं. काठी टेकत तिने मक्याचं पीठ मळलं, तंदूर पेटवला, गरम पाण्याचा हात लावून नान थापला. दोन तास लागले. मी फोटो काढला, तिकडं चढवला, दस्तरखानावर ठेवला. बगळा तसाच बसून होता. तो पुढे वाकला, त्याच्या हातात पिवळा तुकडा आला, आणि तो त्याने चोचीला लावला.

एजेने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आमीन म्हणाली. बगळ्याला सांग, म्हणाली, आता खुशाल जा. मग संगणक बंद केला आणि त्यावर स्वच्छ धुतलेला टेबलक्लॉथ घातला.

तो तिने पुन्हा काढला नाही. जूनमध्ये खुबा बरा झाला आणि एजे भाच्याच्या जीपमधून सोन-कोलच्या कुरणावर निघून गेली. ड्रॅगन महिनाभर माझ्याकडे चौकशी करत होते. मक्याचा खरा नान मला खावा लागला, आणि तो घट्ट होता.

त्या दिवशी मी घरी येऊन माझ्या संगणकावर तिकडं एकदा डोकावलो होतो. बगळा तंबूतच बसला होता. साडेचारला रान साफ झालं, तंबू गेला, दस्तरखान गेलं. बगळा थोडा वेळ उघड्यावर बसून राहिला. मग ‘जेवायला जातो’ असं लिहून तोही गेला.