आधी हिला बघू दे

माझ्या साडूंइतका पाण्याला भिणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. ज्या मुलखात उन्हाळा लागला की माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, त्या मुलखात हा एकच गृहस्थ ढग दिसला की कपाळाला आठी घालायचा. गाव म्हणायचं, यंदा पडू दे बाबा भरपूर. आणि हे म्हणायचे, पडू दे, पण शेतात पडू दे. कारण होतं त्यांची मोटार. नेकनूरच्या पलीकडे त्यांचं गाव. निजामशाही बुडाली त्या सुमारास त्यांच्या आजोबांनी एका जहागीरदाराकडून ही काळी, लांब नाकाची, दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली विलायती मोटार घेतली होती. गावात तिला सगळे ‘बेगम’ म्हणत. साडू मात्र तिच्या समोर तिचं नाव घेत नसत. ‘ही’ म्हणायचे. त्यामुळे घरात ‘हिला बरं न्हाई’ असं त्यांनी म्हटलं की आमच्या मेहुणीला, म्हणजे अक्कांना, आपल्याला काय झालं असा प्रश्न पडायचा.

बेगमला कधी पाण्यानं धुतलेलं मी पाहिलं नाही. जुन्या धोतराचा मऊ तुकडा ओला करून, घट्ट पिळून, तो गालावर लावून बघायचा आणि मगच तिच्या अंगाला लावायचा, अशी रीत होती. वाटेत भुरभुर सुरू झाली तर गाडी झाडाखाली घेऊन हे बॉनेटवर छत्री धरून उभे राहायचे; स्वतः चिंब. लग्नसराईत नवरदेवासाठी ते हौसेनं गाडी घेऊन जात, पण गुलाबदाणी घेतलेला माणूस जवळ आला की वऱ्हाडावर ओरडत. एकदा तर पाठवणीच्या वेळी नवरी हुंदके देत गाडीत बसायला आली, तेव्हा हे गंभीरपणे म्हणाले, “पोरी, काय रडायचं ते मांडवात रडून घे. गादी घोड्याच्या केसांची हाय, तिला खारं पाणी सोसत न्हाई.” नवरी रडता रडता हसली, तिची आई मात्र आजही आमच्याशी बोलत नाही.

आणि उपदेश! ओढ्याच्या पुलावर पाणी असताना कुणी मोटारसायकल घातली, असं कानावर आलं की हे त्याच्या घरी जाऊन त्याची हजेरी घ्यायचे. “फरशीवरून पाणी चाललं की माणसानं हात जोडून अलीकडं थांबावं. बायकापोरं घरी वाट बघत्यात. अक्कल गहाण ठेवली का बे?” ऐकणारा मान खाली घालायचा. साडूंचा शब्द गावात चालायचा तो असा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही नारायणगडाहून दर्शन घेऊन परतत होतो. पुढे साडू आणि अक्का, मागे मी. सकाळी कोरडं ऊन पडलं होतं म्हणून बेगम बाहेर निघाली होती. दुपारनंतर वर कुठं तरी ढग फुटला आणि आम्ही गावाजवळच्या ओढ्याशी पोचलो तेव्हा फरशी पुलावरून गढूळ पाणी चाललं होतं. काठावर दोन जीपगाड्या, एक ट्रॅक्टर आणि बरीच माणसं थांबलेली. साडूंनीही गाडी थांबवली. तिथवर सगळं ठीक होतं. पण ट्रॅक्टरवरचा गडी खिडकीशी येऊन अगदी मायेनं म्हणाला, “काका, तुमी थांबा. म्हातारी मधीच दम टाकंल.”

‘म्हातारी’ हा शब्द साडूंच्या वर्मी लागला. “कोण म्हातारी?” ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, “अहो, थांबू की घटकाभर. कावून घाई?” मीही काहीतरी पुटपुटलो. पण गाडी पाण्यात शिरली होती.

मध्यावर बेगमनं दोन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली. पाणी पायरीवर आलं, मग आत आलं. काठावरून ट्रॅक्टरवाल्यानं दोर टाकला. मी कसाबसा उतरून तो धरला. अक्का दार ढकलून पायरीवर आल्या, त्यांचा पाय सटकला, कमरेपर्यंत पाण्यात गेल्या आणि दाराला धरून ओरडल्या, “अहो, हात द्या!” साडू पलीकडच्या बाजूनं बॉनेटशी पोचले होते. अंगातला कोट काढून ते पुढच्या जाळीवर पसरत होते, पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून. तिकडे न बघताच ते म्हणाले, “थांब गं, आधी हिला बघू दे!”

अक्कांना ट्रॅक्टरवाल्यानं आणि मी मिळून ओढून काढलं. साडू आपणहून काठावर आले. बेगम रात्रभर पाण्यात राहिली.

कुणाच्या तरी मोबाइलमध्ये हे सगळं आवाजासकट उतरलं होतं. चार दिवसांत ते वाक्य म्हण होऊन बसलं. चहाच्या टपरीवर दोघांनी एकदम कपाकडे हात नेला की एक म्हणायचा, “आधी हिला बघू दे.” साडूंनी नेकनूरचा बाजार सोडला, पारावर बसणं सोडलं, दाढी करायलाही ते न्हाव्याकडे जाईनात. ज्यांना त्यांनी उपदेश केला होता ते सगळे तालुक्यात जिवंत आणि ठणठणीत होते, आणि आता हसायला मोकळे होते. मी भेटायला गेलो तर खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले. “लोक हसत्यात त्याचं काय न्हाई, साडू,” ते म्हणाले. “तुमची अक्का भांडत न्हाई. येळच्या येळी ताट वाढती. लई कठीण हाय ते.”

बेगम ट्रॅक्टरनं ओढून आणून गोठ्याशेजारी उभी केली होती. चाकांत गाळ, दारं फुगलेली, आतून कुबट वास. बीडहून आलेल्या मिस्त्रीनं तेल काढून पाहिलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. गाळ वाळायच्या आत सगळं उघडून धुवावं लागेल, नाहीतर गंज खाऊन टाकील, असं तो म्हणाला. साडू खोलीतूनच म्हणाले, “भंगारात घाला. तिच्याकडं बघायचं तोंड न्हाई मला.” ते ‘ती’ म्हणजे नक्की कोण, हे आम्हा कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनीच पदर खोचला. पुढची गादी ओढून बाहेर काढली, तिचं कातडं उसवलं आणि आतले घोड्याचे केस विहिरीवरच्या पंपाच्या धारेखाली खळखळून धुतले. ज्या माणसानं कधी ओला हात लावू दिला नाही, तो दारात येऊन बघत उभा राहिला. अक्का गाडीतला जाड गालिचा एकटीनं पिळायला बघत होत्या. तो काही केल्या पिळेना.

साडू जवळ गेले. खाली बघत म्हणाले, “मी आधी तुझा हात धरायला पाहिजे होता.”

“व्हय, पाहिजे होता,” अक्का म्हणाल्या. आणि त्यांनी गालिच्याचं एक टोक पुढं केलं. “हे धरा.”

दोघांनी दोन टोकांनी पीळ दिला. गढूळ पाणी अंगणभर झालं.

हिवाळाभर काम चाललं. मिस्त्रीनं इंजिन खोललं, नळ्या फुंकल्या, वायरी बदलल्या. साडू डिझेलच्या घमेल्यात सुटे भाग बुडवून ब्रशनं घासत, आणि अक्का ते पुसून पोत्यावर ओळीनं मांडत. संक्रांतीच्या आसपास बेगम सुरू झाली. धूर बराच काढला, पण चालली. सगळ्यांना आनंद झाला. साडूंनी मात्र कुणाला पेढा दिला नाही की बेगमची थोरवी सांगितली नाही. लग्नाला गाडी मागायला लोक येतात, तर ते नुसती किल्ली अक्कांकडे देतात आणि म्हणतात, “तिला विचारा.”

परवा आम्ही तिघं परत त्याच वाटेनं गेलो. ओढ्यात थेंब नव्हता. पुलाखाली शेळ्या बसल्या होत्या. साडूंनी पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली आणि शेजारी बघत हळूच विचारलं, “जाऊ का?”

अक्कांनी पदर सारखा केला. “चला की,” त्या म्हणाल्या.

मी मागच्या खिडकीतून उगाच बाहेर बघत राहिलो. मनात आलं, या माणसानं आत्ता एखादी पूर्वीसारखी फुशारकी मारावी, मला अडाणी म्हणावं, कुणाला तरी झापावं. पण साडूंनी गियर टाकला आणि त्या कोरड्या पुलावरून गाडी इतकी जपून नेली, की शेळ्यासुद्धा उठल्या नाहीत.