जळबा खिल्लारेचं पाण्यावरचं रॉकेट

औंढा नागनाथच्या बसस्टँडसमोर जळबा खिल्लारेचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. जळबा चाळिशीचा, हडकुळा माणूस. एका जागी बसणं त्याला जमायचंच नाही. पंक्चर काढताना एक पाय सारखा हलत असायचा, आणि गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःची धड चाललेली सायकल खोलून ठेवायचा. बायको रुक्माबाई कंटाळून म्हणायची, "ह्यांच्या अंगात मुंग्या भरल्यात."

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षीच्या पावसाळ्यात विज्ञानाचे शिक्षक माणिकराव थंड पेयाची रिकामी प्लास्टिकची बाटली घेऊन दुकानात आले.

"जळबा, हिच्या बुचात सायकलचा व्हॉल्व्ह बसवून द्या. थोडं पाणी घालायचं, बाटली उलटी करून पंपानं हवा भरायची. बूच सुटलं की पाणी खाली फेकलं जातं आणि बाटली वर उडते. रॉकेटच."

"किती वर?"

"वर्गासमोर केलं तेव्हा आडवी गेली. थेट मुख्याध्यापकांच्या खुर्चीखाली."

जळबाने रबरी बुचाला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवला. माणिकराव बाटली मागायला परत आले तेव्हा ती दुकानात नव्हती. जळबा मागच्या मोकळ्या जागेत पंप मारत होता. बाटली पुरुषभर उंच जायची, कोलांटी खायची आणि पडायची. चार दिवस हेच चाललं. येईल त्या गिऱ्हाइकाला तो विचारायचा, "ही आडवी काहून होऊन राहिली?"

उत्तर त्यालाच सापडलं. बाटलीचं बूड हलकं होतं आणि वर जाताना तेच पुढं असायचं. त्याने लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं टोकदार नाक केलं, आत ओली माती भरली आणि ते बुडावर बसवलं. तोंडाच्या बाजूला तेलाच्या डब्याच्या प्लास्टिकचे तीन पंख लावले. मग बाटलीचा तोल जिथं साधत होता तिथं दोरा बांधून ती गोफणीसारखी डोक्याभोवती फिरवली. नाक पुढं ठेवून फिरली तर ती हवेतही सरळ जाणार. वाकडी झाली, तर नाकात माती वाढवायची नाहीतर पंख मोठे करायचे.

बूच लवकर सुटू नये म्हणून त्याने एक चाप बनवला आणि तो ओढायला सायकलच्या ब्रेकची वायर जोडली. ब्रेक दाबला की चाप सुटायचा. बाटली आता कडुलिंबाच्या वर जाऊ लागली, पण गुळगुळीत प्लास्टिकवर पंख टिकत नव्हते. पंक्चर काढताना ट्यूब घासून मग सोल्युशन लावतात. हाताच्या सवयीनं त्याने बाटलीही कानशीने घासली, पंख चिकटवले आणि हवा भरायला घेतली. पंपाचा काटा सत्तर पौंडांवर गेला आणि बाटली फुटली.

गाल चिरला. डाव्या कानात शिट्टी सुरू झाली, ती थांबेना. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पडदा फाटलाय, पूर्वीसारखं ऐकू येणार नाही.

रुक्माबाईने घरातल्या सगळ्या बाटल्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

"लेकरांचा खेळ हाय तो," ती म्हणाली. "तुमाला काय पडलं त्याचं?"

"फुटली काहून, ते कळलं पायजे."

"कळून कान परत येणार हाय का?"

"न्हाई. पण दुसऱ्याचा जाणार न्हाई."

आठवडाभर तो फुटलेले तुकडे जुळवत बसला. चीर बरोबर कानशीच्या ओरखड्यांवरून गेली होती. तेव्हापासून हवेच्या बाटलीला त्याने ओरखडा उठू दिला नाही. दुसरी बाटली कापून तिची बाही करायची, पंख त्या बाहीला जोडायचे आणि ती पहिलीवर चढवायची. नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून, दूर उभं राहून तिच्यावर दाब द्यायचा. फुटलीच तर पाणी सांडेल, स्फोट होणार नाही. पंपाची नळी आणि ब्रेकची वायर त्याने वीस हात लांब केली.

डिसेंबरात माणिकराव ते रॉकेट तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात घेऊन गेले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"सरळ गेलं हो. पण परीक्षकांनी विचारलं, कुणी बनवलं? मी तुमचं नाव सांगितलं. विद्यार्थ्यानं केलेलं नाही म्हणून बाद केलं."

"वर किती वेळ व्हतं?"

"ते नाही मोजलं."

जळबाला राग आला तो एवढ्याच गोष्टीचा.

गोष्ट मात्र पसरली. दोन-तीन वर्षांत तो दर शनिवारी दुकान बंद ठेवून कुठल्या ना कुठल्या शाळेत जाऊ लागला. डोंगरकडा गावच्या शाळेत तर तीनदा गेला. पाचव्या वर्षी तो साखऱ्याजवळच्या तांड्यावर गेला. तिथं संगिता राठोड नावाच्या बाई मुलींना शिकवत होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाऊ, मुलींना करून देऊ नका. त्यांना करू द्या."

हे भलतंच अवघड निघालं. मुली सावकाश कापत, पुसत, पुन्हा आखत. जळबा उठायचा, बसायचा, दारापर्यंत जाऊन यायचा. शेवटी त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पुजा नावाच्या मुलीने तिन्ही पंख तिरपे लावलेले पाहून मात्र त्याचा हात पुढं गेलाच.

"राहू द्या," संगिताबाई म्हणाल्या.

"बाई, ते वाकडं जाईल."

"जाऊ द्या. तिला दिसेल."

मैदानात पुजाने ब्रेक दाबला. तिन्ही पंख एकाच बाजूला, एकसारखे तिरपे होते. बाटली भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत निघाली आणि वाऱ्यातही रेघेसारखी सरळ वर गेली. जळबाची सगळी रॉकेटं वाऱ्यानं थोडीफार कलायची. हे कललं नाही.

पडलेलं रॉकेट त्याने धावत जाऊन उचलून आणलं. मग पुजाजवळ उकिडवा बसून त्याने विचारलं, "असे तिरपे काहून लावले?"

"माझी पट्टी सरकली. मग तिन्ही तसेच लावले, सारखे दिसावेत म्हणून."

"मला पाच वर्षांत हे सुचलं न्हाई." तो पंख बोटाने चाचपत राहिला. "किती तिरपे, ते मोजून बघू. थोडे कमी, थोडे जास्त. बाई, उद्या येऊ का?"

"उद्या रविवार आहे, भाऊ. पुढच्या शनिवारी या."

"शनिवार लई लांब हाय."

संगिताबाईंनी मुलींकडे पाहिलं. पुजा म्हणाली, "मी येते उद्या. बाटल्या तुमी आणा."

रविवारी सकाळी पहिल्या बसने जळबा उतरला, तेव्हा त्याच्या खांद्यावर रिकाम्या बाटल्यांचं पोतं होतं आणि मागून रुक्माबाई दुसरं पोतं घेऊन उतरत होती.