दातांच्या डॉक्टरकडे शिकलेला श्वास

मी मालगाडीचा ड्रायव्हर होतो. कटनी-जबलपूर हा माझा रोजचा रस्ता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. एका दुपारी सिमेंटची गाडी घेऊन मी जबलपूरकडे येत होतो. सिहोरा मागे पडलं, वळण संपलं आणि समोर रुळांच्या मधोमध एक बाई उभी दिसली. मी हॉर्न दाबून धरला आणि ब्रेक ओढला. भरलेली मालगाडी जागच्या जागी थांबत नाही. ब्रेक लावून झाला की ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही, फक्त बघायचं. बाई माझ्याच वयाची असावी. ती हलली नाही. शेवटी तिने मान वर करून इंजिनाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं.

गाडी थांबल्यावर मी खाली उतरलो नाही. गार्ड गेला, गावातली माणसं आली, कागद झाले. असिस्टंट ड्रायव्हरने मला पाणी दिलं. मग सिग्नल मिळाला आणि तीच गाडी, तेच इंजिन मी जबलपूरपर्यंत आणलं. घरी येऊन हातपाय धुतले आणि जेवलो. बायकोला तिसऱ्या दिवशी सांगितलं.

बरोबरीचे ड्रायव्हर म्हणाले, हे आपल्या नशिबात असतंच, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार येतात. कोणी नारळ फोडायला सांगितलं, कोणी बाटली पुढे केली. मी नारळही फोडला, दारूही प्यायलो. पण त्यानंतर सिहोऱ्याजवळचं ते वळण जवळ आलं की माझे तळहात ओले व्हायचे, छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. रुळाकडेला धुणं वाळत घातलेलं दिसलं तरी हात हॉर्नवर जायचा. रेल्वेच्या डॉक्टरला सांगायची सोय नव्हती. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या असत्या तर इंजिनावरून उतरवून ऑफिसात बसवलं असतं, आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

आमचं घर बौद्ध. आजोबा विदर्भातून इथे कामाला आले होते. आई रोज विहारात जायची. तिला अपघाताचं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भंतेजींकडे चाल. श्वासाकडे पाह्यत बस. मन आपोआप खाली बसते."

मी गेलो. भंतेजींनी समजावून सांगितलं, की श्वास आत येतो, बाहेर जातो, नाकपुडीपाशी त्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याला बदलायचं नाही. मी डोळे मिटले. पाच-सात श्वास झाले असतील, आणि ती बाई समोर उभी राहिली. तशीच, मान वर करून. मी उठून बाहेर आलो आणि चपला न घालताच फाटकापर्यंत चालत गेलो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बसलो, पुन्हा तेच. मला फार लाज वाटली. बुद्धाच्या घरात जन्मून मला दहा मिनिटं बसता येत नव्हतं. आईला मात्र मी सांगत राहिलो की बरं वाटतंय.

मग जबडा दुखायला लागला. तोंड उघडताना कानापाशी कट्‌ वाजायचं. एके सकाळी बायकोने विचारलं, "झोपेत काहून दात खाऊन राहिले तुम्ही? मी किती दिवसांची ऐकून राहिली."

कमानिया गेटजवळच्या एका गल्लीत चिनी डॉक्टरचा दवाखाना होता. दातांचा, फक्त एक खुर्ची. सगळं शहर त्यांना चिनी डॉक्टर म्हणायचं, पण त्यांचा जन्म जबलपूरचाच आणि हिंदी अस्सल इथली. साठीचे असतील. त्यांनी माझ्या तोंडात बराच वेळ आरसा फिरवला. दाढा घासून सपाट झाल्या होत्या. आरसा बाहेर काढून ते म्हणाले, "दांत ठीक कर दूँगा. लेकिन भैया, डर किस बात का है?"

मी कोणालाही न सांगितलेलं त्या खुर्चीवर आडवा पडून सांगितलं. वळण, वाळणारं धुणं, विहारातून पळून येणं. शेवटी ते म्हणाले, डोळे मिटून जमत नसेल तर उघडे ठेवून करून बघ, सकाळी भंवरतालच्या बागेत ये.

बागेच्या एका कोपऱ्यात ते एकटेच होते. जाड चष्मा, पांढरा बनियन, पायात कापडी जोडे. गुडघे किंचित वाकवून ते इतके हळू हलत होते की आधी मला वाटलं, आजारी आहेत. ते त्याला 'ताई ची' म्हणायचे, हा संथ चिनी व्यायाम. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचं, हात पाण्यातून ओढल्यासारखे वर आणायचे, श्वासासोबत खाली सोडायचे. दिसायला सोपं. मला पहिले पंधरा दिवस नीट उभंही राहता आलं नाही, मांड्या थरथरायच्या. पण डोळे उघडे होते. समोर झाडं होती, फिरणारी माणसं होती. बाई आली तरी मी पायाकडे लक्ष नेऊ शकत होतो. आत्ता वजन डाव्या पायावर आहे, आता उजव्यावर. ती थोडा वेळ थांबायची आणि मग नसायची.

ड्यूटीच्या वेळा सांभाळून मी जमेल तेव्हा जायचो. सहाएक महिन्यांनी मी त्यांना विचारलं, की तुम्ही हे कुठे शिकलात.

बाकावर बसून त्यांनी सांगितलं. बासष्टला चीनशी लढाई झाली तेव्हा, चिनी वंशाचे म्हणून, पोलीस घरी आले. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना गाडीत बसवून राजस्थानातल्या छावणीत नेलं. तिथे काटेरी तारेच्या आत ते दोनेक वर्षं होते. आई तिथेच गेली. छावणीतला एक म्हातारा रोज सकाळी तारेजवळ उभा राहून हे करायचा, त्याच्याकडून ते शिकले. परत आले तेव्हा त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत दुसऱ्याचं दुकान होतं. पुढे कितीतरी वर्षं दारावर टकटक झाली की भीती यायची आणि ते उठून मागच्या खोलीत जायचे.

"अब नहीं होता?" मी विचारलं.

"होता है," ते म्हणाले. "आता है, बैठता है, चला जाता है. मैं उसके लिए उठता नहीं."

मला ऐकायचं होतं की हे एक दिवस संपतं. ते तसं म्हणाले नाहीत.

तरी फरक पडला. सिहोऱ्याचं वळण यायच्या आधी मी दोन्ही तळपाय इंजिनाच्या फरशीवर टेकवायचो आणि श्वास लांब सोडायचो. भीती यायची, पण तिने हात थांबत नव्हते. हळूहळू घरी डोळे मिटूनही बसता येऊ लागलं, आधी पाच मिनिटं, मग पंधरा. दात खाणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

चारेक वर्षांनी पुन्हा झालं. या वेळी एक म्हातारा, डोक्यावर चाऱ्याचा भारा. त्याला हॉर्न ऐकू आला नसावा. गाडी थांबली. असिस्टंटला इंजिनावर ठेवून मी खाली उतरलो आणि रुळाकडेच्या गिट्टीवरून मागे चालत गेलो. म्हातारा रुळाबाहेर पडला होता आणि जिवंत होता. करण्यासारखं काही नव्हतं, हे मला पाहताच कळलं. मी त्याच्याजवळ बसलो, हात हातात घेतला. त्याचा श्वास तुटक येत होता. मी माझा श्वास सावकाश ठेवला. तो माझ्याकडे बघत राहिला. गार्ड पोहोचायच्या आधी त्याचा श्वास थांबला.

त्या दिवशीही गाडी मीच आणली. घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं. ती माझ्याजवळ बसून राहिली.

आठवड्याने डॉक्टरांना सांगायला कमानिया गेटला गेलो. ड्यूटी बदलल्यामुळे माझं बागेत जाणं काही महिन्यांपासून सुटलं होतं. दवाखान्याला कुलूप होतं. शेजारचा बांगड्यांचा दुकानदार म्हणाला, ते मुलीकडे कलकत्त्याला गेले, तब्येत ठीक नव्हती, सामान विकून गेले. पत्ता त्याच्याकडे नव्हता. मीही कधी विचारून ठेवला नव्हता. मी थोडा वेळ दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मग दुपारच्या ड्यूटीची वेळ झाली म्हणून उठलो.