थडग्यावरचं गाव

चीनमध्ये शिकत असताना मित्राबरोबर त्याच्या तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. तरुण माणसं शहरात गेल्याने ओस पडलेली गावं शेजारच्या गावांत विलीन केली होती. कारकून भिंतीवरच्या नकाशात त्यांच्या नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होता. एका म्हाताऱ्याला बायकोच्या थडग्यावर तिच्या गावाचं नाव कोरायचं होतं; तेही पट्टीखाली गेलेलं, म्हणून कोणतं नाव घालावं, हे तो विचारत होता.

“आजोबा, आता नवं नाव घाला, शेजारच्या गावाचं,” कारकून म्हणाला.

“त्या गावाशी ती जन्मभर पाण्यावरून भांडली. आता तिथलीच म्हणू?”

“मग जुनं घाला. थडगं कोण तपासतंय?”

“आणि नातवंडं शोधत आली, तर जुन्या नावाने वाट कोण दाखवील?”

कारकुनाने पुढची पट्टी उचलली. मित्र खाली बघू लागला.

मी माझ्या गावातला पहिला पदवीधर. गावाचे उपकार रोज आठवतो. पण परत जाऊन राहावं, असं मला एकदाही वाटलेलं नाही.